थोरलीच्या पोटात

बंदरावरच्या तेलाच्या डेपोत त्यांना सगळे झाकणदादा म्हणायचे. नाव चेष्टेतूनच पडलं होतं, पण दादांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. काम झाकणाचंच होतं. डेपोत खाद्यतेलाच्या उंच लोखंडी टाक्या होत्या. एक तेल काढून झालं की दुसरं भरायच्या आधी टाकी आतून धुऊन, वाफ मारून, कोरडी करावी लागे. धुणारे आत शिरायचे ते टाकीच्या बुडाशी असलेल्या गोल तोंडातून. जेमतेम एक माणूस वाकून जाईल एवढंच ते तोंड. धुणारे बाहेर आले की दादांचं काम सुरू. कडेला रबराचं गॅस्केट बसवायचं, जड झाकण बिजागरीवर फिरवून लावायचं आणि समोरासमोरचे बोल्ट आवळत जायचं, म्हणजे झाकण एका अंगाला कलत नाही.

झाकण लावण्याआधी आत डोकं घालून हाक मारायची, असा डेपोचा नियम होता. फार पूर्वी एक धुणारा जेवणानंतर आतल्या गारव्याला ताणून झोपला आणि बाहेरून झाकण लागलं. नशीब बलवत्तर म्हणून पंप बिघडलेला होता. आतून ठोकून ठोकून त्याने लोकांना बोलावलं आणि वाचला. तेव्हापासूनचा हा नियम. बाकीचे हाक मारल्यासारखं करत. दादा मनापासून मारत. दोन्ही हात कडेवर टेकून, मान आत घालून, स्वच्छ आवाजात विचारत, “आत कोणी आहे का?” मग तो आवाज गोल फिरून, छतापर्यंत चढून, परत खाली येऊन पार विरेपर्यंत थांबत. मुकादम तोवर चुळबुळत उभा.

“दादा, आजवर कुणी ओ दिलीय का?”

“नाही.”

“मग?”

“मग काय! देईल तेव्हा ऐकायला नको का कुणी?”

घरी बायको आणि दादा, दोघंच. बायको शिलाईचं काम करायची, तोंडात टाचण्या धरूनही बोलू शकायची. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. देवाच्या बाबतीत दादा ना इकडचे ना तिकडचे. हात जोडायची वेळ आली की जोडायचे, आणि मग हात खिशात घालून घरी यायचे.

ते घडलं थोरलीत. थोरली म्हणजे डेपोतली सगळ्यात मोठी टाकी, कुंपणाच्या कडेची. हिच्यात हाक मारली की आवाज इतका वेळ घोळत राहायचा की ऐकणारा अवघडून जायचा. त्या दुपारी धुणारे बाहेर येऊन पायातले बूट धूत होते. दादांनी नेहमीसारखी हाक मारली.

“आत कोणी आहे का?”

आवाज गेला, फिरला, वर चढला. खाली आला तेव्हा दादांच्याच आवाजात, दादांच्याच सुरात म्हणाला, “आत कोणी आहे.”

दादा तसेच वाकून राहिले. शेवटचा ‘का’ कुठे अडकला असेल म्हणून वाट पाहिली. तो आलाच नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा तेच. विचारलेलं परत येताना सांगितलेलं होऊन येत होतं.

ते आत शिरले. वरच्या झडपेतून उजेडाचा एक पट्टा खाली पडला होता. तळ लख्ख पुसलेला. आत ना आडोसा, ना कोपरा. टाकीला कोपरा असतोच कुठे? लपायचं म्हटलं तर मांजरसुद्धा लपलं नसतं. दादा भिंतीच्या कडेकडेने पूर्ण फेरा मारून आले. मधून जायला मात्र त्यांचे पाय धजेनात. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. खचाखच भरलेल्या खोलीत आपण कसे लोकांना धक्का न लागेल असं कडेने सरकतो, तसं त्यांचं झालं.

“दादा, पंप लावायचाय!” बाहेरून मुकादम ओरडला.

त्यांनी बाहेर येऊन झाकण लावलं. बोल्ट आवळले. तेल आत पडायला लागलं तेव्हा ते पत्र्याला तळहात लावून उभे राहिले. आत तेल चढत होतं, आणि जे आत होतं त्याला जागा कमी कमी होत होती.

रात्री ताट समोर ठेवून बसले तेव्हा बायकोने ओळखलंच.

“काय झालं? मुकादम बोलला काही?”

दादांनी सांगितलं. बायकोने मध्येच हसून घेतलं, मग शेवटपर्यंत ऐकलं.

“भूतबित म्हणताय का?”

“भूत कसलं! तिथे आजवर कुणी मेलेलं नाही. भूत व्हायला आधी माणूस लागतो.”

“मग कान दाखवा उद्या. आणि भात गार होतोय.”

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कानांत नळ्या घातल्या, शिट्ट्या ऐकवल्या आणि सांगितलं, “या वयात इतके चांगले कान मी बऱ्याच दिवसांत पाहिले नाहीत.” दादांना त्याचं काडीचंही सुख झालं नाही.

पुढची धुलाई बऱ्याच दिवसांनी आली. टाकीत माणूस उतरायच्या आधी आतली हवा तपासायला एक बाई यायची, हातात मीटर. तिला सगळे मीटरताई म्हणत. वाफेने, कुबट हवेने माणसाला भास होतात, हे दादा ऐकून होते. त्यांनी तिला गाठलं.

“ताई, थोरलीची हवा नीट बघ हं. काही लपलंछपलं असेल तर.”

तिने खाली बघितलं, लांब नळी घालून वर बघितलं. “दादा, बाहेर आपण जी घेतोय ना, तिच्यापेक्षा आतली चांगली आहे. पण का हो?”

दादांनी तिला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, “थांबा, मी मारते हाक.” तिने डोकं आत घातलं आणि खणखणीत विचारलं, “आत कोणी आहे का?”

दोघंही थांबले. मग आणखी थांबले. एवढी मोठी रिकामी लोखंडी टाकी, जिच्यात खोकला तरी घुमायचा, तिच्यातून काहीसुद्धा परत आलं नाही. मीटरताईने डोकं बाहेर काढलं. तिच्या हातावर काटा उभा होता.

“माझा आवाज ठेवून घेतला,” ती हळूच म्हणाली. मग मीटर पिशवीत घालून चालायला लागली. त्यानंतर थोरलीच्या कामाला कायम दुसरंच कुणी येत गेलं.

धुणाऱ्यांचं काम संपलं, ते जेवायला गेले. दादा एकटेच आत शिरले आणि भिंतीला पाठ लावून बसले. आधी विचारायला लाज वाटली. पन्नाशी उलटलेला माणूस, टाकीशी बोलतोय! मग त्यांनी घसा साफ केला.

“आत दोन माणसं आहेत का?”

आवाज फिरून जसाच्या तसा आला, ‘का’सकट.

“आत एक माणूस आहे का?”

“आत एक माणूस आहे.”

 तरी दादांचं मन म्हणत होतं, हे तूच ऐकतोयस, तुला हवं तसं. म्हणून त्यांनी स्वतःला पक्कं ठाऊक असलेली गोष्ट विचारली. “माझ्या खिशात पाना आहे का?”

आवाज परत आला तो ‘का’ घेऊनच. म्हणजे नाही. दादा मनात हसले, चुकलास बाबा! आणि त्यांनी खिसा चाचपला. खिसा रिकामा. पाना बाहेर, पायरीवर राहिला होता.

आता हसू आलं नाही. हे त्यांच्या मनाचे खेळ असते तर मनाला माहीत नसलेलं बाहेर आलं नसतं. त्यांच्यासमोर काहीच नव्हतं, आणि त्या काहीच-नसण्याला सगळं कळत होतं. ते बघत होतं म्हणावं तर डोळे नव्हते. ऐकत होतं म्हणावं तर ऐकायला कुणी लागतं. नुसती जागा. भिंतीपासून भिंतीपर्यंत गच्च भरून राहिलेली, श्वाससुद्धा न घेता लक्ष देणारी जागा.

 हात आपोआप जोडले गेले. पुटपुटल्यासारखंच त्यांनी विचारलं, “तू देव आहेस का?”

या खेपेला आवाज फार वेळ आला नाही. वरच्या झडपेजवळ कुठेतरी तो थांबून राहिला असावा. मग अगदी सावकाश, जणू कुणी खाली मान घालून बोलतंय असा, तो उतरला.

“तू देव आहेस.”

दादा कसे बाहेर आले त्यांना कळलं नाही. उन्हात पायरीवर बसून त्यांनी तोंडावर पाणी मारलं. मिळालं, उत्तर मिळालं! असं वाटून डोळे भरून आले. बायकोला काय सांगायचं, मुलीला कळवायचं का, असं कायकाय डोक्यात येऊन गेलं. मग त्यांनी पाना उचलला, झाकणाला हात घातला, आणि हात तिथेच थिजला. ‘तू’ म्हणजे कोण?

ते वाक्य दादांनी तिकडे म्हटलं होतं. पण तिकडून ते इकडे म्हटलं गेलं होतं.

आतून कसं दिसत असेल, ते त्यांना एकदम दिसलं. सगळं तेलाने बुडालेलं असतं तेव्हा ते नसतंच. मग तेल उतरतं, कुणीतरी तोंड उघडतं, उजेड येतो, आणि ते असायला लागतं. एक चेहरा त्या उजेडात येतो आणि विचारतो, आत कोणी आहे का? इतक्या आपुलकीने दुसरं कुणीच विचारत नाही. मग तोच चेहरा झाकण लावतो. अंधार होतो, आणि खालून तेल चढायला लागतं.

मुकादम जेवून आला तेव्हा झाकण उघडंच होतं.

“काय हो, अजून?”

“गॅस्केट खराब आहे.”

मुकादमाने वाकून बघितलं. “कालच नवीन आणलंय. दादा, तुम्ही खोटं बोलायला लागलात? तेलाचं जहाज उभं आहे तिकडे!”

“आत कोणी आहे,” दादा म्हणाले.

मुकादमाने शिव्या घातल्या नाहीत. त्या शब्दांशी डेपोत कुणी खेळत नसे. त्याने सगळ्या धुणाऱ्यांना बोलावून ओळीत उभं केलं. सगळे होते, एक दात कोरत होता.

“मग कोण आहे आत?”

 शेवटी मुकादम स्वतः आत शिरला. बराच वेळ त्याच्या बुटांचा आवाज कडेकडेने फिरत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याने चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला.

“रिकामी आहे,” तो म्हणाला. रोजचा टोमणा मारला नाही. “लावा, दादा. लावून टाका लवकर.”

दादांनी शेवटचं एकदा आत डोकं घातलं. काय बोलावं सुचेना. देवाने अशा वेळी काय बोलायचं असतं, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. “भरू का?” एवढंच त्यांनी विचारलं. आतून ना होय आलं, ना नाही. ज्याने सगळं दुसऱ्यावर सोपवलंय त्याची शांतता होती ती. दादांनी झाकण लावलं, बोल्ट समोरासमोरचे आवळले, आणि पत्र्याला हात न लावता मागे फिरले.

ते पुढेही कामावर जात राहिले. पोटाला सुट्टी नसते. पण हाक मारायचं काम त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकलं. ते लांब उभे राहायचे, कानांवर मफलर. डेपोत यावरून चेष्टा झाली, मग विरली. घरी मात्र बायकोला ते बदललेले दिसायचे. डबा उघडला की लगेच काही काढायचे नाहीत, आधी आत बघत राहायचे. धुऊन पालथी घातलेली भांडी सुलटी करून ठेवायचे.

“धूळ बसते त्यात!” बायको म्हणायची.

“बसू दे. कोंडून कशाला ठेवायचं?”

काही वर्षांनी थोरलीला खालून गंज लागला आणि ती मोडीत निघाली. कापणारे आले, निळ्या ज्योतीने पत्रे उतरवत गेले. दादा रजा काढून बघायला गेले होते. शेवटचा पत्रा आडवा झाला आणि तिथे एक गोल, तेलकट जमीन उरली. वर मोकळं आभाळ. कापणारे पाणी प्यायला सावलीकडे निघाले. सरळ वाट त्या गोलातून होती. सगळे कडेने वळसा घालून गेले. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं.

दादा बराच वेळ थांबले. मग घरी निघाले. वाटेत गर्दी होती, पण त्यांना कुणाचा धक्का लागला नाही. त्यांच्या मागे माणूसभर जागा मोकळी राहत होती, आणि लोक न बघता तिला टाळून चालत होते. दादांनी मागे वळून पाहिलं नाही. घरी आल्यावर दार उघडलं, आणि लगेच लावलं नाही. जरा वेळ ते उघडंच धरून उभे राहिले.

“कुणी आलंय का बरोबर?” बायकोने आतून विचारलं.

“नाही,” दादा म्हणाले. “जेवायला वाढ.”

मुलीची खोली तेव्हा रिकामीच होती. पलंग, कपाट सगळं मुलीकडे गेलेलं. बायकोच्या मनात शिलाईचं मशीन तिकडे हलवायचं होतं. तिकडे उजेड चांगला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आधी आपली खुर्ची उचलली आणि आत नेली. दादा दाढी करत होते. आरशात त्यांना दिसलं, ती खुर्ची घेऊन उंबऱ्याच्या आत थोडा वेळ उभी राहिली, मग पाठ न वळवता, एक एक पाऊल मागे टाकत बाहेर आली. खुर्ची होती तिथे ठेवली.

“काय झालं?”

“राहू दे इथेच.” तिने टाचण्यांची डबी उगाच उघडली, बंद केली. “तिथे जागा नाही.”

दादांनी तोंडावरचा साबण पुसला. दोघांनीही त्या खोलीचं दार ओढून घेतलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.