एक वाजताचा फोन

आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांना आम्ही खलबत्ते म्हणायचो, तेही तोंडावर. एकतीस वर्षं माणूस दगड वाटतोय, दुसरं काय म्हणणार?

मरणाऱ्या ताऱ्याभोवती धूळ साचते. दुर्बिणीतून तिच्या अवरक्त किरणांचा आलेख मिळतो आणि त्यात उंचवटे असतात. कुठला उंचवटा कुठल्या खनिजाचा, हे ठरवायला तेच खनिज इथं खलात वाटायचं, मिठासारख्या पुडीत मिसळून चकती दाबायची, तिच्यातून किरण सोडायचे आणि दोन आलेख शेजारी ठेवायचे. वाटायचं मात्र बेतानं. फार वाटलं की स्फटिकच मोडतो, टोकदार उंचवटे बसके होतात.

खलबत्ते बरोबर वीस मिनिटं वाटत. एकला वीस कमी असताना सुरुवात, आणि एकच्या ठोक्याला काकूंचा फोन.

"डबा उघडला का?"

"उघडतोच गं."

की बत्ता खाली! मी एकदा टेबलावर घड्याळ आणून ठेवलं, तर म्हणाले, "घड्याळ मागं पडतं. ही नाही पडत."

माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण ऑलिव्हिन या खनिजाच्या दोन चिमटींवर अडलं होतं. शुद्ध माल, परत मिळणार नव्हता, आणि प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता. खलबत्ते चार दिवसांच्या रजेनंतर सोमवारी आले. मी एक चिमूट त्यांच्या हवाली केली. आलेखात आला नुसता एक बसका फुगवटा.

"पार वाट लावलीत, काका! किती वेळ वाटलंत?"

"तीन वाजले असतील."

"एकला थांबायचं, एवढं कळत नाही?"

"फोन आला नाही," ते म्हणाले. "ही बुधवारी गेली."

चकती फुटली म्हणून सांगावं, तसं सांगितलं. मला स्वतःची लाज वाटली.

"घरी जा, काका."

"घरी काय करू? इथं हात तरी चालतो."

दुसरी चिमूट त्यांना देऊ नकोस, असं सगळ्यांनी बजावलं. मंगळवारी मी ती त्यांनाच दिली आणि शेजारच्या खोलीत घड्याळ बघत बसले. एक वाजला. जाऊन खांद्याला हात लावला असता तरी भागलं असतं. मी फोन लावला.

भिंतीपलीकडची घरघर थांबली.

"उघडतोच गं."

मी न बोलताच फोन ठेवला. थोड्या वेळानं बत्ता ठेवल्याचा आवाज आला.

उंचवटे टोकदार आले, ताऱ्याच्या आलेखाशी तंतोतंत जुळले. मी कागद घेऊन दाखवायला धावले. खलबत्ते हात धुऊन टेबलाशी बसले होते. डबा त्यांनी आणलाच नव्हता.