पांढरा दगड आणि आमच्या मातोश्री

इथे इंग्लंडात, ब्रॅकनेलला, आमच्या शेजारणीकडे तिची आई राहते. पश्चिम चीनच्या डोंगरातली, छ्यांग लोकांपैकी. तिकडे त्यांचं दगडी घर होतं, चांगलं गढीसारखं: खाली गुरं, मध्ये माणसं, वर सपाट छप्पर आणि छपरावर पांढरा दगड. तोच त्यांचा देव. गाव ओस पडलं तेव्हा लेकीनं आईला इकडे आणलं. आजींनी सुटकेसमध्ये कपडे कमी घेतले, पण दगड आणलाच.

तो इथल्या छपरावर ठेवायला मात्र त्या तयार होईनात. "दगड आपल्या घरावर ठेवतात. मी इथे पाहुणी," म्हणायच्या. दगड मागच्या दाराशी बाकावर, सुटकेस भरलेलीच. लेक रडकुंडीला आली होती. "तिकडे हिला पाणी द्यायलाही कोणी नाही," मला सांगायची.

अशात आमच्या मातोश्री नागपूरहून आल्या. दगडाबद्दल मी तिला सगळं सांगितलं, हिनं त्यातलं 'देव' तेवढं ऐकलं. एका सकाळी मी ऑफिसच्या कॉलवर, खिडकीतून बघते तर ही बया शेजारच्या गार्डनमध्ये आणि दगडावर हळद-कुंकू! कॉल सोडून धावले.

"अगं आई, काय केलंस हे! त्यांचा देव पांढराच असतो!"

"असू दे की. पण बिचारा बाहेर एकटा बसलाय, कोणी विचारत नाही."

मी ओल्या टिशूनं खसाखसा पुसायला लागले. हळदच ती, जाते कसली! तेवढ्यात दार उघडून आजी बाहेर आल्या, मागोमाग लेक. आईनं मात्र त्यांच्यासमोरच दगडाला हात जोडले.

आजींनी पिवळा दगड पाहिला, आईचे हात पाहिले. माझ्या हातातला टिशू काढून घेतला आणि लेकीला काहीतरी म्हणाल्या. लेक पायरीवर मटकन बसून रडायलाच लागली.

"चिडल्यात का गं?" मी तिला विचारलं.

"नाही, शिडी मागतेय," ती म्हणाली. "म्हणते, गावात याला नमस्कार करणारं कोणी उरलं नाही. इथे शेजारी करतात. मग घर हेच."

शिडी मी धरली. किचनच्या सपाट छपरावर दगड आजींनी स्वतःच ठेवला. खालून आमच्या मातोश्री शुद्ध मराठीत ओरडत होत्या, "अहो, जरा मध्ये सरकवा!" आजींनी सरकवला.

संध्याकाळी आजी रिकामी सुटकेस घेऊन आल्या आणि ती आईच्या हातात दिली. व्हिसा संपल्यावर परत जायचं होतं ते आता फक्त आमच्या मातोश्रींना.