वत्सलाबाईंची बारा कोडी

वत्सलाबाई रामटेके सरकारी सांख्यिकी कार्यालयात चोवीस वर्षं तक्ते जुळवत होत्या. तालुक्यातालुक्यांतून पिकांचे आकडे यायचे. ते उभे मिळवायचे, आडवे मिळवायचे आणि दोन्हीकडची बेरीज एक आली की खाली सही करायची. टेबलासमोरच्या खिडकीला फायलींचं कपाट लावलेलं होतं, त्यामुळे बाहेर ऊन आहे की आभाळ, हे जेवणाच्या सुट्टीतच कळायचं.

भंडाऱ्याला त्या गणित घेऊन बी.एस्सी. झाल्या, पहिल्या वर्गात. नागपूरला एम.एस्सी.चं एक वर्ष झालं आणि लग्न ठरलं. देवीदास रामटेके खडकीच्या कारखान्यात होते, म्हणून पुणं. राहिलेलं वर्ष पुण्यात करू, असं तेव्हा दोघांनीही म्हटलं होतं. मग नोकरी लागली, पूर्वा झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्या वर्षाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. वत्सलाबाईंनीही नाही.

पूर्वा इंजिनिअरिंगला गेली तेव्हा विश्रांतवाडीच्या त्यांच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर आला. रविवारी सकाळी पूर्वा झोपलेली असायची. तेवढ्या वेळात फोनची वायर जोडून वत्सलाबाई नेटवर जायला शिकल्या आणि एका ई-मेल ग्रुपवर पोचल्या. गणिताची कोडी घालणाऱ्या आणि सोडवणाऱ्या लोकांचा ग्रुप होता, शंभर-सव्वाशे जणांचा. मिरजेचे एक निवृत्त रेल्वे इंजिनिअर होते, दुबईत एक डॉक्टर होता, पुण्यातली आयटीतली पोरं होती. पहिले दोन महिने वत्सलाबाईंनी नुसतं वाचलं. मग एक कोडं रचलं. ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून सुचलेलं: एका महिन्यात गुरुवारांपेक्षा शुक्रवार जास्त आले आणि सोमवारांपेक्षा रविवार जास्त आले, तर तो महिना किती दिवसांचा आणि त्याची पहिली तारीख कोणत्या वारी?

हे कोडं त्यांनी ग्रुपवर टाकायला म्हणून लिहिलं, आणि ऐन वेळी टाकलं नाही, दुसरंच सोपं टाकलं. चांगलं कोडं लगेच हातातून सोडवेना. पण त्या सोप्या कोड्यावरही तेरा उत्तरं आली. मिरजेच्या इंजिनिअरांनी लिहिलं, "बाई, आपली मांडणी स्वच्छ आहे." वत्सलाबाईंनी ते वाक्य तीनदा वाचलं. ऑफिसात त्यांच्या कामाला कुणी स्वच्छ म्हटलं नव्हतं. चूक निघाली नाही की फाईल पुढे जायची, एवढंच.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात ग्रुपमधल्या रोहनने त्यांना वेगळं पत्र पाठवलं. तो हिंजवडीच्या एका कंपनीत होता. "मॅडम, नेटवर कुठेही न आलेली डझनभर कोडी द्याल का? कामासाठी हवी आहेत."

कामासाठी. काय काम, हे वत्सलाबाईंनी विचारलं नाही. तीन आठवडे त्या बसमध्ये, भाजी निवडताना, तक्त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कोडी रचत राहिल्या. प्रत्येक कोडं आधी जेवताना घरी घालून बघायच्या. देवीदासराव दोन घासांत हरायचे. पूर्वा मात्र हट्टाने सोडवायची, नाही सुटलं तर आईकडून रीत समजून घ्यायची. शुक्रवार-रविवारचं कोडंही त्या बारांत गेलं. रोहनचं उत्तर एका शब्दाचं होतं: "अप्रतिम."

ऑगस्टच्या शेवटी पूर्वाच्या कॉलेजात नोकरभरतीसाठी एक कंपनी आली. त्या संध्याकाळी वत्सलाबाई घरी पोचल्या तेव्हा देवीदासराव बाहेरच्या खोलीत भंडाऱ्याला फोन लावून मोठ्याने बोलत होते. "निवड झाली पोरीची. ओपनमधून. चार वर्षं वर्गातली पोरं म्हणत होती ना, सवलतीवर आलीये म्हणून? इथे कसली सवलत? पेपर दिला, इंटरव्ह्यू दिला, झाली निवड."

पूर्वा स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लोटून घेतलं.

"आई, शुक्रवार-रविवारवालं आलं होतं."

"कशात?"

"पेपरात. वीस प्रश्न होते, त्यातले नऊ तुझे. शब्दसुद्धा तुझेच. फक्त इंग्रजीत."

वत्सलाबाईंच्या हातात कुकरचं झाकण होतं. ते त्यांनी ओट्यावर ठेवलं. "तू काय केलंस?"

"सोडवले. काय करायला हवं होतं? उठून सांगू, ही कोडी माझ्या आईची आहेत, मला बाहेर काढा?"

पूर्वाचा आवाज खाली आला. "चौदाला कट-ऑफ होता. मला अठरा पडले. निकिताला तेरा." मग म्हणाली, "बाबांना सांगू नकोस."

निकिता पूर्वाची मैत्रीण. बार्शीची, वडील एस.टी.त कंडक्टर. सदाशिव पेठेत ती कॉट बेसिसवर राहायची, एका खोलीत पाच मुली. वर्गात तिचा नंबर नेहमी पूर्वाच्या वर असायचा. पुढच्याच रविवारी ती वहीपेन घेऊन विश्रांतवाडीला आली.

"काकू, पूर्वा म्हणते तुम्हाला कोडी फार छान येतात. मला तेवढंच जमत नाही. शिकवाल? पुढच्या महिन्यात दुसरी कंपनी येतेय."

पूर्वा आत निघून गेली. वत्सलाबाई शिकवायला बसल्या. निकिता भराभर पकडत होती. तासाभराने ती स्वतःच म्हणाली, "त्या पेपरात एक महिन्याचं होतं, ते मी सोडूनच दिलं," आणि तिने ते वहीत लिहून काढलं. निकिताने चार आठवडे पूर्ण मांडले, उरलेल्या दिवसांकडे पेनाने खूण केली. "जास्तीचे दिवस शुक्रवारी सुरू होणार आणि रविवारी संपणार. म्हणजे तीनच. एकतीस दिवस, पहिली तारीख शुक्रवार." चार मिनिटं लागली असतील. "बघा, येतंय. तिथे एका प्रश्नाला एकच मिनिट होतं, काकू. ज्यांना सुटली त्यांची कमाल आहे."

ती गेल्यावर वत्सलाबाईंनी रोहनला पत्र लिहिलं: तुमच्या कंपनीच्या पेपरात माझी नऊ कोडी होती, आणि तो पेपर माझ्या मुलीने दिला. त्याने उत्तर लिहिलं नाही, ऑफिसच्या नंबरावर फोन केला. वत्सलाबाई साहेबांच्या टेबलापाशी उभ्या राहून, पाठ वळवून बोलल्या.

"मॅडम, मी इकडे सांगितलंय की कोडी मीच काढली. हे बाहेर आलं तर माझी नोकरी जाईल. तुमची मुलगी तिथे आहे हे मला माहीत नव्हतं हो, शपथेवर सांगतो."

"तुम्ही मला पेपरसाठी हवीत म्हणून सांगितलं असतंत तर?"

"तुम्ही विचारलं नाहीत, मॅडम." मग त्याचा आवाज हळू झाला. "आणि आता हे काढलंत तर आधी कुणाची ऑफर रद्द होईल, ते तुम्हीच बघा."

धमकी होती की विनवणी, हे वत्सलाबाईंना ठरवता आलं नाही. दोन्हींचा अर्थ एकच निघत होता.

पुढचे पंधरा दिवस त्यांना घरात, ऑफिसात, बसमध्ये सगळीकडे एकच हिशेब दिसत राहिला. बोललं तर पूर्वा बुडते. लोक म्हणणार, बघा, हे असंच घुसतात. आणि देवीदासरावांनी ज्यांना ज्यांना फोन केले होते त्यांच्यापर्यंत ते पोचणार. न बोललं तर निकिता दर रविवारी समोर बसणार आणि स्वतःला मठ्ठ समजणार. एकदा त्यांनी नवऱ्याजवळ सुरुवात केली, "अहो, त्या पूर्वाच्या पेपराचं..." देवीदासराव बूट पुसत होते, मान वर न करता हसले. "कारखान्यातले अजून विचारतात मला, कुठल्या क्लासला घातली होती पोरीला? मी सांगतो, तिची आईच क्लास आहे." वत्सलाबाई चहा ठेवायला उठल्या.

शेवटी एका शनिवारी दुपारी त्या ऑफिसातून थेट सदाशिव पेठेत गेल्या. निकिता जिन्यात कपडे वाळत घालत होती. खोलीत बाकीच्या मुली झोपल्या होत्या, म्हणून दोघी पायरीवरच बसल्या. वत्सलाबाईंनी सगळं सांगितलं. रोहनचं पत्र, बारा कोडी, जेवतानाचं सोडवणं, नऊ प्रश्न. काही लपवलं नाही, रडल्याही नाहीत. शेवटी म्हणाल्या, "तू मठ्ठ नाहीस, एवढं तुला कळायला हवं होतं. आता तू म्हणशील तसं. कॉलेजात येऊन सांगायला मी तयार आहे."

निकिता बराच वेळ हातातला ओला टॉवेल पिळत राहिली. पाणी कधीच निघून गेलं होतं.

"मी म्हणेन तसं," ती म्हणाली. "म्हणजे पूर्वाची नोकरी घालवायची की नाही, ते मी ठरवायचं."

"तसं नाही गं..."

"तसंच आहे, काकू. तुम्हाला जड झालं, म्हणून तुम्ही इथे आणून ठेवलंत. मी तेरा मार्कांवर रडून मोकळी झाले होते. आता सांगितलं तर मैत्रिणीचं वाटोळं करणारी मी. नाही सांगितलं तर जन्मभर मनात राहणार." ती उठली. "कशाला सांगितलंत?"

वत्सलाबाई शनिपारापर्यंत चालत गेल्या आणि तिथे कितीतरी वेळ बसची वाट बघत उभ्या राहिल्या. दोन बस समोरून गेल्या, त्या त्यांना दिसल्याच नाहीत.

निकिता कुणाला काही बोलली नाही. रविवारी यायची बंद झाली. दुसऱ्या कंपनीत तिचं झालं नाही, तिसऱ्या कंपनीत झालं, बंगलोरला. जाताना तिने पूर्वाला फोन केला नाही. तेव्हा पूर्वाने आईला विचारलं, "तू तिला सांगितलंस?"

"हो."

पूर्वा त्यानंतर आठ दिवस आईशी कामापुरतं बोलली. नवव्या दिवशी पुन्हा बोलायला लागली, पण तो विषय सोडून.

ग्रुपमधून वत्सलाबाईंनी नाव काढलं नाही. रोहनही तिथे होताच, अधूनमधून कोडी घालायचा. मिरजेच्या इंजिनिअरांनी एकदोनदा विचारलं, बाई, आपलं नवीन काही नाही? त्यांनी लिहिलं, सध्या सुचत नाही. सुचत होतं. बेरजा जुळवता जुळवता मनात आकार घेऊ लागलं की त्या पुढचा तक्ता ओढायच्या.

पूर्वा कंपनीत रुळली. वर्षभराने कायमही झाली. त्या दिवशी रात्रीचं जेवण झाल्यावर भांडी विसळता विसळता ती आपणहून म्हणाली, "आई, तिथे कोडी कुणालाच सोडवावी लागत नाहीत. आलेलं काम मागच्यासारखं करायचं आणि पुढे पाठवायचं."

"मग विचारतात कशाला?"

"गर्दी कमी करायला."

वत्सलाबाईंनी तिच्या हातातलं ताट घेतलं, पुसलं आणि मांडणीत लावलं. बाहेरच्या खोलीत देवीदासराव कुणाच्या तरी मुलाला फोनवर सांगत होते, मुलाखतीला जाताना घाबरायचं नाही, मेहनत केली असेल तर कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही. दोघी ते ऐकत उभ्या राहिल्या. बोलणं संपेपर्यंत कुणीच बाहेर गेलं नाही.