चुकलेल्या कोड्याला एकोणीस अंगठे

गेल्या सोमवारी माझ्याकडून एक चूक झाली... आणि ती चूक एकोणीस जणांना आवडली.

आमचा व्हॉट्सअ‍ॅपवर बुद्धिबळाचा एक ग्रुप आहे. रोज सकाळी चहा झाला की मी पटावर मोहरे मांडतो, मोबाइलने फोटो काढतो आणि खाली लिहितो, 'पांढऱ्याची चाल, जिंकून दाखवा.' बहुतेक वेळा एंडगेमच असतो... दोन राजे, एखाद-दुसरं प्यादं, फार तर एक हत्ती.

हा ग्रुप मी आणि माझा मित्र सुभाष, आम्ही दोघांनी काढला. इंदिरानगरला जॉगिंग ट्रॅकच्या बाकावर आम्ही रोज संध्याकाळी डाव मांडायचो. चाल परत घ्यायची की नाही यावरून चार-चार दिवस अबोला धरायचो. मागच्या वर्षी तो मुलाकडे बंगळुरूला गेला, कायमचा. बायको गेल्यापासून घरात बोलायला तसंही कोणी नव्हतं, आता बाहेरही राहिलं नाही.

खरं सांगू? कोडं टाकल्यावर मी दर पाच मिनिटांनी मोबाइल बघतो. वय त्रेसष्ट आणि वागणं दहावीच्या रिझल्टच्या दिवसासारखं.

उत्तरं मात्र हल्ली येत नाहीत. येतात ते अंगठे, जोडलेले हात, गुलाबाची फुलं, 'मस्त सर'. फारच आग्रह केला तर 'सुटलं सर' एवढंच. लोकांना टाइप करायचा कंटाळा असेल, असं मी म्हणायचो... स्वतःची समजूत काढण्यात मी पटाईत आहे.

तर सोमवारी एक सोपंच कोडं टाकलं. पांढरा राजा, एक प्यादं आणि समोर काळा राजा. एकोणीस अंगठे आले, तिघांचं 'सुटलं सर' आलं. बंगळुरूहून सुभाषचाही अंगठा आला.

गुरुवारी दुपारी ग्रुपमधल्याच एका नंबरवरून मला वेगळा मेसेज आला. या नंबरने ग्रुपवर आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. 'सर सोमवारचं काय सुटंना. तीन दिवस झाले. माझंच चुकत असंल. एखादी हिंट द्या.'

मी हसलो. एवढंही येत नाही, म्हटलं. मग हिंट द्यायची म्हणून तो फोटो उघडला.

प्यादं एक घर सरकलं होतं. कडेपासून दुसऱ्या उभ्या पट्टीत हवं होतं, ते मी अगदी कडेच्या पट्टीत ठेवलं होतं. खेळणाऱ्या कोणालाही विचारा, कडेच्या प्याद्यासमोर काळा राजा कोपऱ्यात जाऊन बसला की काहीही करा, त्या प्याद्याचा वजीर होत नाही. डाव बरोबरीतच सुटतो. म्हणजे माझं कोडं सुटणारच नव्हतं... आणि मी अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी चेकिंगला होतो!

चुकीचं तेवढं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते अंगठ्यांचं. एकोणीस जणांपैकी एकानेही पटाकडे बघितलं नव्हतं. सुभाषने तर ही चूक बुटाची नाडी बांधता बांधता पकडली असती आणि महिनाभर मला छळलं असतं. त्यानेही नुसता अंगठा दाबला होता. इतकं एकटं मला बायको गेली त्या वर्षीही वाटलं नव्हतं... ग्रुप बंद करायचं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

पण त्या माणसाला उत्तर देणं भाग होतं, म्हणून फोन केला. नाव भाऊसाहेब, पिंपळगाव बसवंतला टेम्पो चालवतात. पॅकहाऊसला द्राक्षांच्या पेट्या भरून होईपर्यंत दोन-दोन तास थांबावं लागतं, त्या वेळात कोडी सोडवतात. पेटीच्या पुठ्ठ्यावर पेनाने पट आखलाय, कडेला अक्षरं आणि आकडेसुद्धा लिहिलेत.

"भाऊसाहेब, तुमचं नाही, माझं चुकलं," मी म्हटलं. "प्यादं चुकीच्या घरात ठेवलं मी."

ते मोठ्याने हसले. "आरं देवा! मी चारी बाजूनं राजा फिरवून पाह्यला, सर. म्हटलं, सरांनी मांडलंय म्हंजी सुटणारच. आपलंच डोकं चालंना."

"मग सोमवारीच विचारायचं ना."

"तिथं सगळ्यांचं सुटलं व्हतं ना! एवढ्या शिकलेल्या लोकांत आपुनच येडे दिसायचो. म्हून मी लिहीतच नाय कधी. पन तुमचं एकबी कोडं चुकवलं नाय हां."

वर्षभर रोज सकाळी मी ज्याच्यासाठी पट मांडत होतो, तो माणूस खरंच होता... फक्त गप्प होता.

"सर, तुमच्यासमोर कोन बसतं खेळायला?" त्यांनी विचारलं.

थाप मारता आली असती. "कोणी नाही," मी म्हटलं. "बरेच दिवस झाले."

मागे पेट्या चढवणाऱ्यांचा आवाज येत होता. "मग मांडा की पट," ते म्हणाले. "अजून अर्धी गाडी भरायची हाय. पांढरे तुमी घ्या."

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन स्पीकरला लावून ठेवला आणि घरांची अक्षरं-आकडे एकमेकांना सांगत आम्ही खेळलो. माणूस जबरदस्त खेळतो! माझा एक उंट फुकट गेला, चाल परत मागितली तर सरळ नाही म्हणाले. गाडी भरली आणि डाव अर्धा राहिला. फोन ठेवल्यावर घर पुन्हा होतं तसं झालं.

संध्याकाळी ग्रुपवर चूक कबूल केली. त्यालाही बावीस अंगठे आले.

ग्रुप बंद केला नाही. ही पोस्ट तिथेही टाकतोय. भाऊसाहेब, तुम्ही काही लिहिणार नाही हे माहीत आहे, पण वाचाल. माझ्या चुकीवर तीन दिवस घातलेत, त्याचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. पट मी उचललेला नाही... चाल तुमची आहे.