आठ थानांचं छत

मंडळाच्या नव्या सेक्रेटरीने माझ्या हातात इंग्रजी फॉर्म दिला, तेव्हाच मी तो फाडणार होतो. तीस वर्षं त्यांच्या गल्लीत गणपतीचा मंडप मी घालतो आहे. मी सुरुवात केली तेव्हा ही मुलगी जन्मलीसुद्धा नव्हती.

"काका, रागावू नका," ती म्हणाली. "या वर्षी सगळ्याच कंत्राटदारांना दिलाय. छताला कापड किती लागेल ते कॅल्क्युलेट करून लिहायचं. रीत दाखवायची."

"लिहून घे. आठ थानं."

"हा अंदाज झाला."

"माझा अंदाज आहे तो!"

"गेल्या वर्षीही तुमचाच होता ना?" ती हळूच म्हणाली. मी फॉर्म खिशात कोंबला आणि निघालो.

गेल्या वर्षीचं सांगायला हवं. त्या गल्लीतल्या छताला दरवर्षी आठ थानं लागतात, वीस मीटरचं एक. हे मी पहिल्या वर्षी गल्लीत उभं राहून नुसत्या डोळ्यांनी सांगितलं होतं आणि छत बरोबर बसलं होतं. तेव्हा मी दुसऱ्याचे बांबू वाहणारा गडी होतो. त्या एका अंदाजावर मला पहिलं स्वतःचं काम मिळालं. लालबाग-परळमध्ये लोक म्हणायचे, याच्या डोळ्यात टेप आहे. गेल्या वर्षी मात्र छत भिंतीच्या बाजूला दीड पट्टा कमी पडलं. वरची निळी ताडपत्री दहा दिवस सगळ्यांना दिसत राहिली. मी दादरच्या कापडवाल्याच्या दुकानासमोर उभा राहून त्याला चोर म्हणालो. थानं अठरा मीटरची देतोस, वीसचे पैसे घेतोस, असं भर रस्त्यात ओरडलो. मंडळाने त्याचं ऐकलं, माझं नाही. वर्षभर ते मला सलत होतं.

हे सगळं बायको गेल्यानंतरच्या पहिल्याच उत्सवात झालं. छत ती शिवायची, अगदी पहिल्या वर्षापासून. गेल्या वर्षी ते बाहेरच्या शिंप्याकडे दिलं होतं.

फॉर्म वाचायला इंग्रजी जाणणारा माणूस हवा होता. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत असा एकच, माझ्या शेजारच्या खोलीतला रिटायर्ड हेडक्लार्क. नळाच्या वेळेवरून भांडण झाल्यापासून तीन वर्षं आम्ही बोलत नव्हतो. खोलीत बोलायला कोणी नसलं की माणूस तीन वर्षांचं भांडणही बाजूला ठेवतो.

"या, कंत्राटदार!" तो म्हणाला. "नळ बंद आहे म्हणून आलास की काय?"

"साहेब, हा शब्द सांग. कॅल्क्युलेट. हिशोब करणे ना? छताला आठ थानं सांगितली, तर म्हणतात हा अंदाज झाला."

त्याने चष्मा लावला. आयुष्यभर फायलींवर शेरे मारलेल्या माणसाला असा प्रश्न म्हणजे मेजवानीच. "नुसता हिशोब नव्हे. आमच्या ऑफिसात व्याज कॅल्क्युलेट करायचे, पेन्शन कॅल्क्युलेट करायचे. टेबलाची लांबी कोणी कॅल्क्युलेट करत नाही, ती मोजतात. आमटीत मीठ कॅल्क्युलेट करत नाहीत, घालतात. जे हातात आहे त्यावरून जे हातात नाही ते काढायचं, पायरी-पायरीने. आणि खरी खूण सांगू? तू केलंस, मी केलं, साहेबाने केलं, उत्तर एकच आलं पाहिजे. तुझं आठ थानांचं उत्तर फक्त तुलाच येतं. ते कॅल्क्युलेट नाही."

"तीस वर्षं बरोबर आलंय."

"मग कागदावरही येईल. गल्लीची रुंदी सांग."

रुंदी पाच मीटर. कापडाचा पन्हा एक मीटर, म्हणजे सपाट बांधलं तर पाच पट्टे. पण छताला चुण्या असतात, दीडपट कापड खातात. साडेसात. शिवणीत जाणारं धरून आठ पट्टे. लांबी चोवीस, झोळासाठी एक मीटर जास्त, पंचवीस. पंचवीस आठे दोनशे. दोनशे मीटर म्हणजे दहा थानं.

"दहा," तो म्हणाला.

"चुकलास."

त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "तू कर."

मी केलं. दहा. मी त्याला म्हणालो, फायली सरकवणाऱ्याला मंडपातलं काय कळतं, आणि कागद घेऊन बाहेर पडलो. चुण्या दीडपट खात नसणार, हे मला दाखवून द्यायचं होतं. गोडाऊनमध्ये बायकोने शिवलेलं शेवटचं छत होतं, जांभळं. ते मी एकट्याने ओढून बाहेर काढलं, उलटं पसरलं आणि पट्टे मोजायला लागलो.

आठ भरले. पण जांभळे साडेसहाच होते. भिंतीकडचा दीड पट्टा जांभळा नव्हताच. तो जुन्या छतांच्या तुकड्यांचा होता. केशरी, मग पोपटी, मग एका वर्षी आम्ही आणलं होतं ते अबोली. वीतभर, हातभर तुकडे एकमेकांना जोडून, दुहेरी शिलाई मारून. ही कड झालरीमागे जायची. मी नेहमी खाली उभा राहून वर बघायचो. खालून झालर दिसायची.

कागद बरोबर होता. आठ थानं कधीच पुरली नव्हती. पहिल्या वर्षीसुद्धा नसणार. त्या वर्षी तिने कशाचे तुकडे जोडले, कोण जाणे.

वर चढून बांधणाऱ्या माझ्या माणसांना हे दरवर्षी दिसलं असणारच. कोणी बोललं नाही. मला कोण बोलणार?

कपाटावर तिचं कातरणांचं मोठं गाठोडं असायचं. मी तिला भंगारवाली म्हणायचो. ती म्हणायची, "असू दे हो, तुमच्याच कामाला येतं." ती गेल्यावर महिन्याभरात मी ते गाठोडं भंगारात दिलं. वजनावरून त्या माणसाशी अर्धा तास घासाघीस केली, तेही आठवतं.

मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. आधी राग आला. एवढी वर्षं शेजारी जेवायला बसलीस, एकदा म्हणायचं होतंस, अहो, दोन थानं कमी पडतात. मी ओरडलो असतो. मग ऐकलंही असतं. कदाचित ऐकलं नसतं. कोणत्याही माणसाशी मी भाव करू शकतो, पण समोर माणूस तर हवा.

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला. रीत हेडक्लार्कने इंग्रजीत लिहिली, आकडे मी घातले. "नळाचं माझंच बरोबर होतं," एवढं तो म्हणालाच. सेक्रेटरीने दहा वाचलं, माझ्याकडे पाहिलं, गेल्या वर्षीचं काही विचारलं नाही. काम मला मिळालं.

मग दादरला गेलो. कापडवाला मला बघून उठला नाही.

"दहा थानं. पांढरं."

"दहा? दरवर्षी तर आठ घेता, भाऊ."

"दहा. आणि भाव नीट लाव."

भावावरून आम्ही नेहमीसारखे भांडलो. मी दोनदा दुकानाची पायरी उतरलो, त्याने दोनदा हाक मारली. भाव ठरल्यावर त्याने लोखंडी मीटर काढला. "प्रत्येक थान तुमच्यासमोर मोजतो. नंतर तमाशा नको."

"मोजू नकोस."

"का?"

"गेल्या वर्षीही वीस मीटरचीच होती. माझं चुकलं होतं."

तो हातात मीटर धरून उभा राहिला. "चोर तर तुम्ही रस्त्यावर ओरडून म्हणाला होता," तो म्हणाला. "आता एवढं हळू?"

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. मी पायरीवर गेलो आणि रस्त्याकडे तोंड करून माझं चुकलं होतं, हे पुन्हा बोललो, मोठ्याने. फुलवाल्या बायकांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा हार ओवायला लागल्या.

त्याने थानं टेम्पोत चढवायला सांगितली. "शिवणार कोण?" त्याने विचारलं.

"शिंपी."

"वहिनी नाहीत का?"

ती जाऊन दोन वर्षं होत आली होती. मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.