'यादीची क्रमवारी सुधारली'

मंगळवारी सकाळी पापनाशम गाठावं लागलं... माझ्याच एका ओळीपायी.

तंजावरच्या एका छोट्या कंपनीत मी रिलीज नोट्स लिहितो. म्हणजे ॲप अपडेट झालं की नवीन काय, ते सांगणाऱ्या चार ओळी. आमच्या ॲपवर भातकापणीचं मशीन बुक होतं. या वेळी मी ऐटीत लिहिलं होतं, 'यादीची क्रमवारी सुधारली'.

आधी ज्याचं बुकिंग पहिलं, त्याचं नाव वर यायचं. आता जवळचं शेत वर येतं. एवढं साधं मी लिहिलंच नव्हतं... मला माहीत, म्हणजे सगळ्यांना माहीत असणार, असं धरून चाललो होतो.

पापनाशमचं बुकिंग सेल्वी अक्का बघतात. त्यांनी सवयीने वरचं नाव पाहून मशीन धाडलं, आणि ज्यांचा खरा पहिला नंबर होता ते एक म्हातारे शेतकरी दोन दिवस ताटकळले. पिकलेलं भात शेतात उभं, वर ढग. अक्कांनी त्यांना शब्द दिला होता.

आता आपली खरडपट्टी निघणार, हे धरूनच त्यांच्या ऑफिसात गेलो. अक्का मला तंबी म्हणतात, म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. त्यांनी शांतपणे एवढंच विचारलं, "तंबी, तू हे कुणासाठी लिहितोस?"

खरं सांगायचं तर शेजारच्या टेबलावरच्या मित्रासाठी लिहीत होतो... लाज वाटली.

मग भिंतीवरच्या फळ्याकडे लक्ष गेलं. अक्कांनी खडूने तमिळमध्ये दोन ओळी लिहिल्या होत्या. ड्रायव्हरांसाठी, 'वरचं नाव पहिलं नाही, बुकिंगची तारीख बघून निघा.' शेतकऱ्यांसाठी, 'तुमची पाळी बदललेली नाही.'

बदल एकच, मग ओळी दोन का? माझं कुतूहल काही गप्प बसेना.

"ड्रायव्हरला कुठे जायचं ते कळायला हवं," अक्का म्हणाल्या. "शेतकऱ्याला पाळी हुकल्याची धास्ती असते. त्याला आधी पाळी तशीच आहे, हे सांगायचं."

दुपारी मशीन त्या आजोबांच्या शेतात उतरलं. मी बांधावर उभं राहून त्यांची माफी मागितली. ते कापणी बघण्यात इतके गुंग होते, की ऐकलं की नाही कोण जाणे. पाऊस आला तो भात घरी पोचल्यावर... तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आता प्रत्येक नोट आधी अक्कांकडे जाते. पहिलीच पाठवली, तर त्यांनी त्यातला 'सुधारली' हा शब्द काढून टाकला. कारणही लगेच आलं, "काय बदललं ते तू लिही, तंबी. सुधारलं का, ते आम्ही सांगू."

अक्का, मनापासून आभार.