शुक्रवारची दोनची बाई

आमच्या खालच्या मजल्यावरच्या हुस्नाभाभीला सवत होती, आणि ती दर शुक्रवारी दुपारी दोनला यायची.

सवत इंग्रज होती. भाभीचे मिस्टर, आफताबभाई, दोह्याच्या मुशैरिब भागातल्या एका कंपनीत स्टोअरकीपर. त्यांचा एक म्हातारा इंग्रज साहेब निवृत्त होऊन मायदेशी गेला, तेव्हा आठवण म्हणून त्यांना एक पेनड्राइव्ह देऊन गेला. त्यात दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांतला इंग्लंडच्या रेडिओचा एक अख्खा दिवस भरलेला होता. सुटीच्या दिवशी आफताबभाई सकाळीच तो स्पीकरला लावायचे. मग अल नस्र वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत हवामान सांगितलं जायचं, कारखान्यातल्या कामगारांसाठी बँड वाजायचा, दुपारी बायकांचा कार्यक्रम व्हायचा, संध्याकाळी मुलांची गोष्ट आणि नंतर बातम्या. दर शुक्रवारी तोच दिवस. बाहेर दोह्याचं ऊन रटरटत असायचं आणि घरात लंडनला धुकं पडलेलं असायचं.

बाकीच्या कार्यक्रमांशी भाभीचं वैर नव्हतं. बँडच्या तालावर ती कांदासुद्धा चिरायची. तिचा जीव जळायचा तो बायकांच्या कार्यक्रमात बोलणाऱ्या दोनच्या बाईवर. नमाजहून आलेले आफताबभाई भराभर चार घास खायचे, ताटातच हात धुतल्यासारखं करून उठायचे आणि डोळे मिटून स्पीकरजवळ बसायचे. भाभीने तोंड उघडलं की हात वर करून तिला गप्प करायचे.

आता हे कोणती बायको सहन करेल? त्यातून भाभी होती दापोलीकडची. लग्नानंतर पंचवीसएक वर्षं ती तिकडे सासू-सासऱ्यांपाशी आणि हे इकडे, दोन वर्षांतून महिनाभर रजेवर. लेकीचं, माहिराचं लग्न गेल्या वर्षी उरकलं आणि भाभी कायमची दोह्याला आली. एवढ्या वर्षांचं बोलणं पोटात साठवून आली होती बिचारी. ऐकायला एक माणूस हवं होतं, आणि त्या माणसाचे कान दुसरीनेच अडवून ठेवलेले.

तिला इंग्रजी येत नव्हतं, ते आणखीच वाईट. न कळणाऱ्या शब्दांत माणसाला काय काय ऐकू येतं. ती बाई मधेच हळू आवाजात हसायची, की भाभी स्वयंपाकघरात पातेलं आपटायची. एकदा तिने मला विचारलं, ही बया जिवंत आहे का. मी म्हटलं, असली तर शंभरीच्या पुढची असेल, बहुतेक गेलीच असेल. त्यावर भाभीचं उत्तर तयार होतं: मेली असली म्हणून काय झालं, आवाज बघ किती तरणा आहे.

शेवटी तिने मलाच बोलावलं. मी शाळेत शिकवते, म्हणजे मला इंग्रजी येणार, म्हणजे मी त्या बाईचं बिंग फोडणार, असा तिचा हिशेब. शुक्रवारी मी जाऊन बसले. हामूर माशाचं कालवण ताटात निवत होतं. आफताबभाईंचे डोळे मिटलेले. बाई बोलू लागली आणि मी भाभीच्या कानात सांगू लागले. साखर रेशनवर आहे, अंडी मिळत नाहीत, तर अंड्याची पावडर घ्या, गाजर किसा आणि केक करा.

"गाजर?" भाभी म्हणाली. प्रेमाबिमाचं काही निघालं असतं तर तिला एवढा राग आला नसता. "ह्या गाजरासाठी माझा मासा गार होतो?"

तिने उठून स्पीकरची पिन उपटली.

"खलास. मी जाते दापोलीला. तिकडं निदान कोण हात वर करून मला गप्प बसवत नाय."

मी हळूच उठायला लागले, तर तिने माझा हात धरून मला खाली बसवलं. तिला साक्षीदार हवा होता.

आफताबभाई मुळात कमी बोलणारे. ते अडखळत सांगू लागले. लग्नानंतरच्या काळात फोन महाग होता, म्हणून भाभी गावाहून येणाऱ्याच्या हाती आपलं बोलणं भरलेली कॅसेट पाठवायची. शुक्रवारी नमाजनंतर खोलीत सोबत राहणारी पोरं बाजारात गेली की ते ती लावायचे. नवी येईपर्यंत जुनीच, पुन्हा पुन्हा. पुढे मोबाईल आले, कॅसेटी थांबल्या. होत्या त्याही खराब झाल्या, आवाज घोगरा होत होत गेला.

"ही बाई बोलता बोलता मधीच हसते," ते म्हणाले. "तू तशीच हसायचीस. कॅसेटमधी."

माझेच डोळे भरून आले. मला वाटलं, आता भाभी विरघळणार. पण भाभीच्या कपाळावर आठी चढली. खरी सवत तिला आता कळली होती. गोऱ्या बाईला पेनड्राइव्हसकट कचऱ्यात टाकता आलं असतं. ही कॅसेटमधली, दापोलीची, विशी-बाविशीची, गुडघे न दुखणारी, लाडीक बोलणारी पोर. हिला कुठे टाकणार?

"काय सांगायची एवढं?" भाभीने फणकाऱ्याने विचारलं, जसं काही शेजारणीबद्दल विचारतेय.

आफताबभाईंना सगळं पाठ होतं. माहिराचा पहिला दात. कौलं उडाली ते. खालच्या वाडीतली म्हैस विहिरीत पडली, सगळं गाव दोर घेऊन धावलं, ते.

"ते अर्धंच राहिलं," भाभी म्हणाली. "कॅसेट संपली होती."

"हो," आफताबभाई म्हणाले. त्यांनी खुर्ची स्पीकरपासून वळवून तिच्या समोर घेतली. "मग काय झालं? निघाली का म्हैस?"

भाभीने ताट उचललं, कालवण गरम करून आणलं, त्यांच्यापुढे ठेवलं आणि ऐटीत समोर बसली.

"तिला मेलीला धड सांगताच येत नव्हतं," ती म्हणाली. "आता माझ्याकडनं ऐका."